परदेशी नाणे ओळखताना छापील कॅटलॉग, ऑनलाइन सूची की मोबाइल ॲप?

जुने परदेशी नाणे हाती आले की ते कुठले आणि कधीचे, हे दोन प्रश्न एकदमच पडतात. पहिल्याचे चांगले उत्तर देणारे साधन दुसऱ्यासाठी चांगले असेलच असे नाही, त्यामुळे निवड करण्यापूर्वी आपल्या नाण्यावर नेमके काय वाचता येते, हे भिंगातून पाहून घ्यावे.

फोटोवरून नाणे ओळखणारी ॲप्स सर्वांत वेगवान आहेत. लिपीच अनोळखी असेल, नाणे जॉर्जियाचे की इथिओपियाचे हेही कळत नसेल, तर ती योग्य प्रदेशापर्यंत नेऊन सोडतात. काळ ठरवण्यासाठी मात्र मी त्यांच्यावर विसंबणार नाही, कारण ॲप एकूण चेहरामोहरा जुळवते आणि काळ बहुधा बारीक तपशिलात असतो. ऑस्ट्रियाचे ‘मारिया तेरेसा थालर’ हे चांदीचे नाणे याचे ठळक उदाहरण आहे. ही सम्राज्ञी १७८० मध्ये वारली आणि त्यानंतर पाडलेल्या थालरांवरही १७८० हेच साल कायम राहिले. व्हिएन्नाखेरीज रोम, लंडन, मुंबई येथील टाकसाळींनीही विसाव्या शतकात ते पाडले. आपल्या हातातील थालर कोणत्या टाकसाळीचा आणि म्हणून साधारण कधीचा, हे नाण्यावरील गरुडाच्या शेपटीतील पिसांची मांडणी आणि सम्राज्ञीच्या खांद्यावरील ब्रोचचे मोती यांसारख्या खुणांवरून ठरते, आणि ॲप तेवढे खोलात जात नाही.

नाण्यावरील रोमन लिपीतील लेख वाचता येत असेल तर ‘नुमिस्टा’ ही ऑनलाइन सूची सर्वांत सोयीची आहे. ‘हेल्वेशिया’ म्हणजे स्वित्झर्लंड, ‘सुओमी’ म्हणजे फिनलंड, ‘मॅग्यार’ म्हणजे हंगेरी, हे आधी माहीत नसले तरी लेखातील शब्द टाकून नाणे सापडते. लेख झिजला असेल तर वजन, व्यास आणि धातू यांवरूनही शोध घेता येतो. त्यासाठी ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारा काटा आणि व्हर्नियर कॅलिपर जवळ असावा. सूचीतील नोंदी मुख्यत्वे संग्राहकांनीच केलेल्या असल्यामुळे दुर्मीळ प्रकारांची माहिती कधी अपुरी आढळते. रोमन साम्राज्याच्या प्राचीन नाण्यांसाठी अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीची ‘ऑक्रे’ ही मोफत सूची अधिक भरवशाची आहे.

छापील कॅटलॉगांत ‘क्राउझ’ सर्वांत परिचित आहे. सतराव्या शतकापासून पुढे प्रत्येक शतकाचा स्वतंत्र खंड आणि त्यात देशांची वर्णानुक्रमे मांडणी असल्यामुळे, देश आणि शतक ठाऊक नसताना त्यात शोधणे कष्टाचे होते. त्याचे खरे मोल आरंभीच्या पानांत आहे, कारण निरनिराळ्या लिपींतील अंक आणि कालगणनांचे कोष्टक तेथे एकत्र मिळते. किमती जुन्या होतात, ओळख जुनी होत नाही. म्हणून जुनी आवृत्ती स्वस्तात मिळाली तर खुशाल घ्यावी. त्यातील ‘केएम’ (क्राउझ-मिशलर) क्रमांक ऑनलाइन सूचींतही दिलेले असल्यामुळे एकीकडून दुसरीकडे सहज जाता येते.

या कोष्टकांची खरी गरज भासते ती अरबी लिपीतील नाण्यांसाठी. या अंकांत पाच हा वर्तुळासारखा आणि शून्य हे नुसत्या टिंबासारखे असते, त्यामुळे देवनागरी अंकांना सरावलेला वाचक पाचाला हमखास शून्य समजतो. अंक डावीकडून उजवीकडेच वाचायचे असतात. उस्मानी (तुर्की) नाण्यांवर बहुधा सुलतानाच्या राज्यारोहणाचे हिजरी वर्ष आणि राज्यवर्ष, म्हणजे त्याच्या कारकिर्दीचे कितवे वर्ष, वेगवेगळे दिलेले असते. दुसऱ्या अब्दुल हमीदच्या नाण्यावरील १२९३ हे इसवी सन समजले तर ते नाणे तेराव्या शतकातील वाटेल. प्रत्यक्षात राज्यवर्ष १७ असेल तर १२९३ मध्ये १६ मिळवून हिजरी १३०९, म्हणजे इसवी सन १८९१-९२ येते. इराणच्या बाबतीत आणखी सावध राहावे लागते, कारण १९२५ पासून तेथे चांद्र हिजरी वर्षाऐवजी सौर वर्ष आले. चांद्र १३१० म्हणजे १८९२-९३ आणि सौर १३१० म्हणजे १९३१-३२. सिंह आणि सूर्य हे चिन्ह दोन्ही काळांतील नाण्यांवर आहे. चांदीच्या नाण्यावर मूल्य रियालमध्ये लिहिलेले असेल तर ते नंतरचे मानावे.

इतर कालगणना त्या मानाने सोप्या आहेत. थायलंडच्या बौद्ध वर्षातून ५४३ वजा करावेत, नेपाळच्या विक्रम संवतातून ५७, आणि जपानच्या मेइजी वर्षात १८६७ मिळवावेत.

तेव्हा रोमन लेख वाचता येत असेल तर नुमिस्टा पुरेसे आहे. संग्रहात पश्चिम आशियातील किंवा पूर्वेकडील नाणी बरीच असतील, तर छापील कॅटलॉगवर खर्च करावा, आणि ॲप केवळ पहिल्या अंदाजासाठी ठेवावे. ‘एनजीसी’ किंवा ‘पीसीजीएस’ या नाणी तपासणाऱ्या संस्थांकडून शुल्क भरून नाणे प्रमाणित करून घेणे हा निराळा विषय आहे; नाण्याची ओळख पटल्यावर, त्याची किंमत शुल्काच्या कितीतरी पट असेल आणि अस्सलपणाची शंका उरली असेल, तरच त्या वाटेला जावे. तोपर्यंत नाणे घासूनपुसून चकचकीत करू नये, कारण त्यात तारीख सांगणाऱ्या बारीक खुणाही पुसल्या जातात.