लोअर आर्म (चाक गाडीच्या सांगाड्याला खालून जोडणारा दांडा) ठोकून सरळ करायचा की नवाच टाकायचा?

खंबाटकी घाटात ट्रकवाले गाडी घसरू नये म्हणून टायरला उटी, म्हणजे अडसर, म्हणून दगड लावतात आणि तसाच रस्त्यात टाकून जातात, रात्री तोच आमच्या डाव्या चाकाखाली आला. धाडकन आवाज, आणि मग गाडी सारखी डावीकडे ओढायला लागली, सरळ रस्त्यावर पण स्टिअरिंग वाकडं.

गॅरेजवाला म्हणाला, आर्म वाकलाय, तापवून ठोकून सरळ करतो, तासाभरात गाडी घेऊन जा. स्वस्त पडतं हे खरं, पण पत्र्याचा आर्म एकदा वाकून परत सरळ केला की तिथलं लोखंड कमजोर होतं, वेल्डिंगपाशी बारीक चीर पडली तर वरून दिसत पण नाही, आणि अॅल्युमिनियमचा असेल तर नावच काढू नका.

नवा आर्म महाग, पार्ट यायला दोन दिवस, पण बऱ्याच गाड्यांना बुश (आर्मच्या टोकाचे रबर) आणि बॉल जॉइंट (आर्म आणि चाक जोडणारा फिरता सांधा) त्यासोबतच नवे येतात. बॉल जॉइंट निखळला तर चाक आडवं पडतं हो, घाटात मागे पोरं बसलेली असताना! मी नवाच टाकला. इन्शुरन्स क्लेम नाही केला, एवढ्यासाठी नो क्लेम बोनस घालवायचा नव्हता.

अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, मात्र दोन्हीत करावंच लागतं, नाहीतर टायर एका कडेने खाल्ला जातो.