केन्को प्रो सॉफ्टॉन ए फिल्टर : शरदातले तारकासमूह फोटोत ओळखू यायला हवे असतील तर घ्याच

आकाशाचे फोटो काढणाऱ्या बऱ्याच जणांची एकच तक्रार असते, शर्मिष्ठा हा तारकासमूह डोळ्यांना लगेच सापडतो पण फोटोत बघावं तर नुसते हजारो ठिपके आणि त्यात तो कुठेय ते बोट ठेवून दाखवावं लागतं. लेन्स जितकी शार्प तितकं हे जास्त होतं. कारण शार्प लेन्स ठळक तारा काय नि फिका तारा काय, दोघांना दोन-चार पिक्सेलमध्येच बसवते, ठळक तारा तिथे जळून पांढराफटक होतो आणि मग दुसऱ्या प्रतीचा नि सहाव्या प्रतीचा तारा (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा फिका) फोटोत जवळपास सारखेच दिसतात. हा फिल्टर नेमकं तेच सोडवतो, आणि माझं स्पष्ट मत आहे की तारकासमूहांसाठी महागडी लेन्स घ्यायच्या आधी हा घ्या.

मुळात ही पोर्ट्रेटवाल्यांची वस्तू, चेहरा मऊ यावा म्हणून. ताऱ्यांवर लावला की प्रत्येक ताऱ्याचा थोडा प्रकाश बाजूला पसरतो, ठळक ताऱ्याभोवती छान गोल वलय येतं आणि फिक्याचं वलय इतकं अंधुक की ते दिसतच नाही. म्हणजे ठळक तेवढे मोठे झाले, बाकीचे होते तिथेच राहिले, आणि आकृती आपोआप उठून दिसते. जपानचे आकाशछायाचित्रकार अकिरा फुजी यांचे तारकासमूहांचे फोटो बघितले असतील तर हा परिणाम ओळखीचा वाटेल.

पण मला सगळ्यात आवडतो तो रंग. ताऱ्याचा मधला भाग जळला तरी वलय जळत नाही, म्हणून रंग तिथे टिकतो. महाश्व (पेगॅसस) तारकासमूहाचा चौकोन घ्या, म्हणजे आपली पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदा ही नक्षत्रं मिळून होतो तो. साध्या फोटोत चारही कोपरे पांढरे येतात. फिल्टर लावून काढलात की तीन कोपरे निळसर पांढरे आणि वायव्येकडचा शीट नावाचा तारा मात्र चक्क तांबूस, कारण तो लाल राक्षसी, म्हणजे फुगलेला थंडसर तारा आहे. रात्री उशिरा रोहिणी आणि ब्रह्महृदय वर आले की तोच खेळ परत, एक केशरी, एक पिवळट. फोटोशॉपमध्ये तारे मोठे करता येतात हो, पण जळून गेलेला रंग तिथे परत येत नाही.

लेन्स ५० एमएमच वापरा. क्रॉप (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरवर साधारण २५ बाय १७ अंशांची फ्रेम मिळते आणि चौकोनाची बाजू १५ अंशांच्या आसपास, त्यामुळे मस्त बसतो. एफ २.८, आयएसओ १६०० ते ३२००, ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणारा ट्रॅकर नसेल तर चौकोनाला ५ सेकंदांचं एक्स्पोजर. शर्मिष्ठेला मात्र १० सेकंदही चालतात कारण ती ध्रुवाकडे आहे, तिथले तारे निम्म्याच वेगाने सरकतात. भरपूर फ्रेम घेऊन सिक्वेटर या सॉफ्टवेअरमध्ये स्टॅक करा, म्हणजे एकावर एक जुळवून एक फोटो करा, ते फुकट आहे. फोकस आधी फिल्टर न लावता लाइव्ह व्ह्यू झूम करून घ्या, वलय आलं की फोकस नीट कळत नाही.

आता कुठे चालत नाही ते. क्षितिजावर गावाचे दिवे असतील तर तेही फुगतात आणि डोंगराची कडा मऊ पडते, त्यामुळे किल्ला वगैरे पुढे घेऊन फोटो काढायचा असेल तर फिल्टर काढून ठेवा. देवयानी दीर्घिकेचा क्लोजअप हवा असेल तरीही नको. फार वाइड लेन्सवर कोपऱ्यातली वलयं लांबट होतात. आणि दव! पावसाळा संपला की उघड्या माळावर काचेवर दव धरतंच, एरवी तारे पसरायला लागले की लगेच लक्षात येतं, इथे वलयं आधीच असतात म्हणून ती हळूहळू वाढतायत हे समजतच नाही. दर थोड्या वेळाने पहिली फ्रेम आणि आत्ताची फ्रेम शेजारी ठेवून बघा, आणि लेन्सला हँड वॉर्मर रबरबँडने बांधून टाका.

ऑक्टोबर अखेरीस साडेनऊ-दहाला चौकोन आपल्याकडे जवळजवळ डोक्यावर असतो, ट्रायपॉडचं हेड तेवढं वर वळतंय ना ते आधी बघा. कोजागिरीच्या चांदण्यात काही होणार नाही, अमावास्येच्या आसपास जा, आणि दिवाळीत फटाक्यांच्या धुरापासून लांब. विदर्भातल्यांची तर चंगळच आहे, पेंच व्याघ्र प्रकल्प २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे काळोखं आकाश जपलेली जागा, झालंय.

घेताना ए आणि बी असे दोन प्रकार दिसतील, बी जास्त सॉफ्ट आहे, ताऱ्यांसाठी ए पुरतो. दुकानदार ब्लॅक मिस्ट हा दुसराच फिल्टर पुढे करून दोन्ही एकच आहेत म्हणाला तर ऐकू नका, ते वेगळं प्रकरण आहे. फिल्टरचा साइज लेन्सवर लिहिलेला असतो, तो बघून मगच ऑर्डर करा.