पीएलएत पीईजी घालावं की पीबीएटी?

पीएलए (पिकांच्या साखरेपासून बनणारं प्लास्टिक) वापरून केलेले चमचे किंवा ट्रे साच्यातच स्फटिकी व्हावेत आणि ठिसूळही राहू नयेत, अशी गरज असेल तर बहुतेकांची निवड या दोघांवर येऊन थांबते.

पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल, प्लास्टिक मऊ करणारा पदार्थ) पीएलएत विरघळतं. पीएलएच्या रेणूंच्या साखळ्या मोकळ्या होतात, त्यामुळे 10 टक्के पीईजीने स्फटिकीकरण चांगलंच वेग घेतं आणि साचा 90 अंशांच्या आसपास असला तरी भागतं. पीबीएटी (एक लवचिक, कंपोस्ट होणारं प्लास्टिक) मात्र थेंबांच्या रूपात वेगळं राहतं. थेंबांच्या कडेवर स्फटिकांना थोडी सुरुवात मिळते, पण वेगात मोठा फरक पडत नाही. 1 टक्का बारीक टाल्क (स्फटिकांना सुरुवात देणारी खनिज पूड) आणि 100 अंशांचा साचा लागतोच.

एवढ्यावर पीईजी सरस वाटेल. माझा कल तरी पीबीएटीकडे आहे, आणि कारण एकच: नागपूरचा मे महिना. 10 टक्के पीईजीने पीएलएचा टीजी (ज्या तापमानाच्या वर प्लास्टिकचा अस्फटिकी भाग मऊ पडतो ते) 60 वरून 40 अंशांच्या आसपास येतो. इथे बाहेरच 45 अंश असतात. हिंगणा किंवा बुटीबोरीतल्या पत्र्याच्या गोदामाचं तर विचारूच नका. स्फटिक वाढताना पीईजीला बाहेर ढकलतात. ते उरलेल्या अस्फटिकी भागात साचतं आणि हळूहळू पृष्ठभागावर येतं. ट्रे एकमेकांना चिकटतात, आणि पीईजी निघून गेलेला माल पुन्हा ठिसूळ होतो. जास्त रेणुभाराचं पीईजी कमी सरकतं, पण काळानुसार तेही वेगळं पडून स्वतःच स्फटिक बनवतं. थंडीत लगेच खपणारा माल असेल तर हरकत नसावी.

पीबीएटीची पथ्यं वेगळी. ते 110-120 अंशांना वितळतं, म्हणून तापलेल्या साच्यातून माल मऊ निघतो. प्रमाण 20 टक्क्यांच्या आत ठेवा. दाणे नुसते मशीनच्या हॉपरमध्ये मिसळले तर थेंब मोठे राहतात आणि गेटजवळ (साच्यात प्लास्टिक शिरतं त्या तोंडाशी) पापुद्रे सुटतात. आधी ट्विन-स्क्रूमधून (दोन स्क्रूंच्या मिसळणाऱ्या यंत्रातून) काढा, सोबत 0.3 टक्के इपॉक्सी चेन एक्स्टेंडर (साखळ्या जोडणारं रसायन). जास्त घातला तर साखळ्यांना फांद्या फुटतात आणि स्फटिकीकरण उलट मंदावतं. दोन्ही मिश्रणांत ओलावा 250 पीपीएमच्या खाली हवा.

माल किती स्फटिकी झाला ते डीएससीत (तापवताना उष्णतेची देवघेव मोजणाऱ्या चाचणीत) पाहतात. तिथे पीबीएटीचं वितळणं आणि पीएलएचं तापवतानाचं स्फटिकीकरण जवळपास एकाच पट्ट्यात येतं, त्यामुळे आकडा फसवा निघू शकतो. स्फटिकांची टक्केवारी काढताना 93 जूल प्रति ग्रॅमला (पूर्ण स्फटिकी पीएलए वितळवायला लागणारी उष्णता) पीएलएच्या वजनी अंशाने गुणून मगच भागा.