केबल कंपनीचा रेकॉर्डर घरी वापरून पाहिला
केबलवाल्यांनी जुना सेट-टॉप बॉक्स काढून रेकॉर्डरवाला बसवून दिला. मला सगळ्यात आवडलं ते चालू कार्यक्रम थांबवणं. आतली हार्ड डिस्क आपण बघतोय ते चॅनल सतत साठवत असते, म्हणून फोन आला की पॉज, बोलणं झालं की तिथूनच पुढे. १९९९ साली टिवो हा अमेरिकेतला टीव्ही रेकॉर्डर बाजारात आला तो याच सोयीवर. चॅनल बदललं की मात्र ती साठवण जाते, सांभाळा.

ट्यूनर, म्हणजे चॅनल पकडणारे भाग, दोन आहेत, त्यामुळे एक बघताना दुसरं रेकॉर्ड होतं. मालिकेचे पुढचे भागही आपोआप येतात, छानच. सामना असेल तर रेकॉर्डिंगची वेळ आधीच वाढवून ठेवा. खेळ लांबला की नेमका निकालाचा भाग कापला जातो.

मेनू उघडायला फार वेळ लागतो. रात्री सगळं शांत झालं की डिस्कची घरघर ऐकू येते, बेडरूममध्ये अजिबात ठेवू नका. खरी तक्रार वेगळीच: रेकॉर्डिंग याच बॉक्सवर चालतं, पेनड्राइव्हवर घेता येत नाही. बॉक्स परत केला की सगळं गेलं. महिन्याचं भाडं घेता, तर निदान एवढी सोय द्या.