लिनक्सवर जावातील वितरित ऑब्जेक्टसाठी मोफत साधने: आरएमआय की जॅकऑर्ब?

एका यंत्रावरील प्रोग्रामने दुसऱ्या यंत्रावरील ऑब्जेक्टची मेथड बोलवायची, ही वितरित ऑब्जेक्टची कल्पना. दोन्ही टोकांना जावाच असेल, तर मी निःसंकोचपणे आरएमआयची, म्हणजे जावाच्या स्वतःच्या दूरस्थ मेथड-कॉल सोयीची, शिफारस करेन. ते 1997 मधील जेडीके (जावाचा विकास-संच) 1.1 पासून जावासोबतच येते, त्यामुळे ओपनजेडीके (त्या संचाची मुक्त आवृत्ती) बसवले की वेगळे काही घ्यावे लागत नाही. शिवाय जावा 5 पासून स्टब (दूरच्या ऑब्जेक्टचा क्लायंटकडील प्रतिनिधी) धावत्या वेळी आपोआप तयार होत असल्याने ते आधी निर्माण करण्याची खटपटही उरलेली नाही.

लिनक्सवर मात्र एक अडचण हमखास भेटते. अनेक वितरणांत होस्ट्स फाइलमध्ये यंत्राचे नाव 127.0.1.1 या, त्याच यंत्रापुरत्या असलेल्या अंतर्गत पत्त्याशी जोडलेले असते आणि आरएमआय तोच पत्ता स्टबमध्ये भरून पाठवते. परिणामी 1099 या पोर्टवरील रजिस्ट्रीशी (नावावरून ऑब्जेक्ट शोधून देणाऱ्या सेवेशी) संपर्क व्यवस्थित होतो, पण पहिल्याच मेथड कॉलला जोडणी नाकारली जाते, आणि नवखा प्रोग्रामर फायरवॉलमध्ये दोष शोधत बसतो. सर्व्हर सुरू करताना ‘जावा.आरएमआय.सर्व्हर.होस्टनेम’ या गुणधर्मात खरा पत्ता दिला की प्रश्न सुटतो. ही गोष्ट प्रत्येक प्राथमिक पाठात असायलाच हवी, असे मला मनापासून वाटते.

दुसऱ्या टोकाला सी++ असेल, तर कॉर्बा, म्हणजे वेगवेगळ्या भाषांतील ऑब्जेक्ट जोडणारे मानक, लागते. जावा 11 मध्ये, म्हणजे 2018 साली, कॉर्बा जेडीकेमधून काढून टाकण्यात आले. त्यामुळे तेथे संपूर्ण जावात लिहिलेले, एलजीपीएल या मुक्त परवान्याचे जॅकऑर्ब हे कॉर्बाचे साधन उपयोगी पडते, आणि सी++ बाजूस ऑम्नीऑर्ब हे तसेच साधन त्याच्याशी आयआयओपी या कॉर्बाच्या प्रोटोकॉलवरून संवाद साधते. आयडीएल, म्हणजे ऑब्जेक्टचे इंटरफेस लिहिण्याची कॉर्बाची भाषा, शिकण्याचे कष्ट मात्र घ्यावे लागतात.