वंशावळ कशात ठेवावी: मोबाईलचं ॲप की लॅपटॉपवरचं ग्रॅम्प्स?

पोरीच्या जात पडताळणीसाठी वंशावळ लिहून द्यायची होती, तिथून हे खूळ डोक्यात शिरलं. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा कागद लागतो हे आता आमच्याकडे पोट्ट्यायलेही पाठ आहे, म्हणून कोतवाल बुक (गावच्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही), शाळेचं दाखल खारिज, जुने फेरफार, असं एकेक जमा करत गेलो आणि व्हॅलिडिटी हातात आली तरी शोधणं काही थांबलं नाही. आता सव्वातीनशे माणसं जमलीत, निम्म्याहून जास्त मेलेली.

एक्सेलचं फार बोलत नाही. सगळे तिथूनच सुरू करतात, मीही केलं. पण ते १९०० च्या आधीची तारीख तारीख म्हणून घेतच नाही, आणि मामाच्या पोरीशी लग्न झालेलं एक जोडपं निघालं की कोणाला कोणत्या रांगेत बसवायचं यातच संध्याकाळ जाते.

म्हणून खरा प्रश्न दोघांतलाच. एकीकडे मोबाईलवरचं ऑनलाइन ॲप (मी वापरलेल्याचं नाव सांगत नाही, तशी बरीच आहेत) आणि दुसरीकडे ग्रॅम्प्स नावाचं वंशावळीचं सॉफ्टवेअर, जे फुकट आहे, लॅपटॉपवर टाकायचं आणि नेट नसलं तरी चालतं.

ॲपचं कौतुक आधी करतो, कारण ते खरंच सोपं आहे. लग्नात, तेरवीत, जिथं म्हातारी माणसं भेटतील तिथंच फोन काढून फोटो घ्या, नाव टाका, झालं. पुण्याचा पुतण्या, नागपूरची बहीण, सगळे एकाच झाडावर काम करतात. चार महिने मीही खूश होतो.

मग आत्याचं झालं. आमच्या आत्याचं माहेरचं नाव नदीचं, लग्नात सासरच्यांनी बदलून देवीचं ठेवलं. आपल्याकडे तेव्हा नुसतं आडनाव बदलत नव्हतं, अख्खी बाईच बदलायची. दाखल खारिजमधे ती नदीच्या नावानं आहे, आणि आजोबा गेल्यावर वारसांचा जो फेरफार झाला त्यात देवीच्या नावानं, पुढे ‘जौजे’ (म्हणजे बायको) आणि नवऱ्याचं नाव. ॲपात लग्नाआधीच्या आडनावाला रकाना होता, पण लग्नाआधीच्या नावाला नव्हता! मी कंसात दुसरं नाव टाकलं, तर शोधताना ते सापडेना. इकडे पुतण्याला फेरफारचा फोटो मिळाला, त्यानं देवीचं नाव शोधलं, मिळालं नाही, म्हणून त्यानं आजोबांना सरळ आणखी एक लेक जोडून दिली. मी काढली, त्यानं परत टाकली. मी फोन करून सांगितलं की बाप्पा ही तीच आत्या आहे जिनं तुले कडेवर घेऊन हुरडा चारला, तर म्हणे काका पण कागदावर तर वेगळं नाव आहे. आता काय बोलणार. घरात अशा निदान चाळीस बाया आहेत, म्हणजे चाळीस भांडणं.

ग्रॅम्प्समधे एका माणसाला पाहिजे तितकी नावं देता येतात, एक जन्माचं, एक लग्नानंतरचं, एक टोपणनाव, आणि प्रत्येक नाव अख्खं वेगळं असू शकतं. मला आवडलं ते असं की पुरावाही त्या त्या नावालाच लावता येतो. माहेरच्या नावाला दाखल खारिजच्या पानाचा फोटो, सासरच्या नावाला फेरफारचा. कोणत्याही नावानं शोधा, आत्या एकच निघते. तारखांचंही तसंच, ‘च्या सुमारास’, ‘च्या आधी’, ‘या दोन सालांच्या मधे’ असं टाकता येतं. आमचे पणजोबा मानमोडीच्या तापाच्या साथीत गेले एवढंच घरात माहीत, म्हणजे १९१८ च्या सुमारास, तेवढंच लिहिलं आणि त्यानं कुरकुर केली नाही. गावाचंही तसं, गाव तेच पण १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात, मग मुंबई राज्यात, १९६० पासून महाराष्ट्रात, हे तारखेसकट एका जागी बसतं.

त्रास नाही असं नाही. पहिले दोन दिवस मला काहीच कळलं नाही, माणूस वेगळा, कुटुंब वेगळं, घटना वेगळी, एकातून एक खिडक्या उघडत जातात, वाटतं तहसीलमधेच आलो, या टेबलावरून त्या टेबलावर. मोबाईलवर सरळ चालत नाही. आणि काकांना दाखवायचं तर लॅपटॉप घेऊन त्यांच्या ओसरीवर जावं लागतं. पण लाईन गेली, रेंज गेली तरी बॅटरी आहे तोवर काम होते, आणि सगळं आपल्याच मशीनवर, बॅकअपची एक फाईल पेनड्राईव्हवर टाकली की झालं.

ज्यांच्याकडे चाळीस-पन्नासच माणसं आहेत, नातेवाईक दूर आहेत आणि फोटोच जास्त आहेत, त्यांनी ॲपच घ्यावं, माझं काही म्हणणं नाही. कागद जमवायची सवय लागली असेल, घरातल्या बायांची दोन-दोन नावं असतील, तर मला वाटतं दोन दिवसांची डोकेदुखी सहन करून पाहावी. आधी ॲपात भरलं असलं तरी बहुतेक ठिकाणी जेडकॉम (GEDCOM, एका प्रोग्रामातली वंशावळ दुसऱ्यात न्यायची) फाईल काढून मिळते, ती ग्रॅम्प्स घेते, परत टाईप करायची गरज नाही. फक्त घेतल्यावर नावं एकदा डोळ्याखालून घाला, कंसातलं कंसातच येते.

मी उलटीही पाठवली, दिवाळीत पुतण्याला माझ्याकडची जेडकॉम फाईल दिली. त्यानं अजून उघडली नाही. त्याच्याकडे आत्या दोनच आहेत.