कोयरी भरायची: सुईने की आरीने?

बाहीवर एकच कोयरी काढायची असेल, तर मी साधी सुईच घेईन. सहा पदरी दोऱ्यातले दोन पदर सुटे करायचे, कडेला साखळी टाका, पोटात गाठीचे टाके. कोयरीचं वळलेलं टोक सुईने फार सुबक येतं, कारण तिथे टाका हवा तेवढा बारीक घेता येतो. मणी दोनदा शिवून घेतला की धुण्यातही हलत नाही.

आरी म्हणजे टोकाला आकडी असलेली भरतकामाची सुई. तिचा वेग मात्र निराळाच! कापड चौकटीवर ताणलेलं, दोरा खाली. आरीची आकडी तो वर ओढते आणि साखळी सरसर पुढे जाते. बरेच मणी आरीवरच एकदम चढवून ठेवता येतात. ब्लाऊजच्या पाठीवर कोयऱ्यांची रांग हवी असेल, तर आरीच. फक्त शेवटची गाठ पक्की हवी. ती सुटली तर साखळी मण्यांसकट उसवते.